उजव्या खांद्याशी

प्रिय पोपटराव,

पाकीट बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं काही ठरलेलं नाही, आणि आजारी म्हणशील तर नेहमीपेक्षा जास्त कुणी नाही. आई ठणठणीत आहे. तिच्या मते या घरात ठणठणीत अशी ती एकटीच. फोन करता आला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू 'हॅलो' म्हणतेस तेच मुळी पोपटाच्या आवाजात. मग मी वाघासारखी गुरगुरते, दोघी खिदळतो, तू विचारतेस तब्येत कशी, मी म्हणते मस्त, मी विचारते काम कसं, तू म्हणतेस मस्त. फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात येतं की वाघ बोलला, पोपट बोलला, आणि आपण दोघी बोलायच्या राहूनच गेलो. कागदावर आवाज काढता येत नाहीत, म्हणून आज कागद घेतला.

तर पहिली बातमी. मी बारीक झाले. थट्टा नाही करत. गालांच्या आत हाडं होती, ती परत सापडली. मान सापडली. आईची ती अंगठी, जी साबण लावून, तेल लावून, दोरा गुंडाळून शेवटी सोनाराकडून कापून काढावी लागली होती, ती सांधून आणली तर आता बोटात गरगर फिरते. डॉक्टरीणबाईंनी गोळी आधी निम्मी केली, मग निम्म्याची निम्मी, मग एक दिवसाआड. एकदम बंद करता येत नाही, शरीर रुसतं म्हणाल्या. मी म्हटलं, एवढी वर्षं रुसलेलंच आहे, त्यात आणखी काय रुसणार! पण त्यांचं ऐकलं. चालायला लागले. आधी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत, तिथे बाकावर टेकून परत. मग पुलापर्यंत. आता पूल ओलांडून पलीकडच्या बागेला वळसा घालून येते. मीठ तोडलं, त्यामुळे आईचं तोंड वाकडं झालं, कारण दोन वेगळ्या भाज्या करायचा तिला कंटाळा आणि माझ्यातली खायची म्हणजे तिला शिक्षा.

पहिल्यांदा आजाराचं नाव कळलं तेव्हा तूच माझ्या शेजारच्या खुर्चीत होतीस. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या की शरीराची राखण करणारी जी फौज असते ती घरच्यांनाच चोर समजून बडवते आहे. सांधे, मूत्रपिंडं, जे हाती लागेल ते. आणि हे आता जन्माचं आहे. आणि तू एकदम म्हणालीस, अगदी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यासारखं, पोस्टमनपुढे शेपूट हलवतं आणि मालकाला चावतं. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी स्टेरॉईडच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांनी जीव वाचवला. पण काय ती भूक! जेवून हात धुतला की परत भूक. अख्खा पाव उभ्याउभ्या संपवायचे आणि वर लाज वाटायची, लाज वाटली की परत भूक. हातपाय काड्यांसारखे आणि पोट, पाठ, तोंड नुसतं चढत गेलेलं. डॉक्टरी भाषेत त्या गोल तोंडाला चंद्रमुख म्हणतात म्हणे. आयुष्यात कुणी मला चंद्रमुखी म्हटलं, तेही आजाराचं लक्षण म्हणून.

आपल्या बेकरीवाल्या बाई आठवतात? त्यांनी भर दुकानात माझं अभिनंदन केलं होतं आणि कितवा महिना विचारलं होतं. तू काउंटरवर हात आपटून म्हणालीस, वाघोबाला कुठला महिना, त्याला बारा महिने तेरा काळ पोटदुखी. मी बाहेर येऊन रडले आणि तू रस्त्यात उभी राहून माझं नाक पुसलंस. त्याच बाई आता मला थांबवून विचारतात, काय करतेस गं, आम्हाला पण सांग की. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, आधी काही वर्षं गोळ्या खा, मग डॉक्टरांना कमी करायला सांगा. त्यांना वाटलं मी गुपित लपवते आहे. सगळे माझं कौतुक करतात, जणू तेव्हा मी खादाड होते आणि आता शहाणी झाले. मी तेव्हाही मीच होते, हे माहीत असलेलं माणूस इथे आईशिवाय कुणी उरलेलं नाही.

कपड्यांचं काम आईने हातात घेतलंय. तेव्हा तिनेच सगळ्यांच्या बाजूच्या शिवणी उसवून, आतलं दडवलेलं कापड सोडून ते मोठे केले होते. आता परत टीप घालून आत घेते आहे. जुन्या टिपेची भोकं तशीच दिसतात, सुई बरोबर त्याच वाटेने जाते. मी म्हटलं, जास्तीचं कापून टाक, आत जाड लागतं. तिने ऐकलं नाही. आत दुमडून ठेवते आहे. आणि मी लगेच चिडले, कारण ती असं का करते ते मला कळत होतं.

पण हे सगळं मी कौतुक करून घ्यायला लिहीत नाहीये. (बरं, थोडं त्यासाठीही.) खरी गोष्ट आपल्या बाहुल्यांच्या खेळाच्या खोक्याची आहे. तू गेल्यापासून मी त्यात एकटीच उभी राहून खेळ करते. वाघ एका हातात, दुसऱ्या हातात कधी माकड, कधी म्हातारी. पोपट मी पेटीतून काढत नाही. मधली वर्षं मी एवढी सुजले होते की एकटीनेच खोकं भरून जायचं, डावी फळी डाव्या दंडाला, उजवी फळी उजव्या दंडाला. त्यामुळे तुझी जागा रिकामी आहे हे डोक्याला माहीत होतं, अंगाला नव्हतं. आता जसजशी मी उतरत गेले तसतशी ती जागा उघडी पडत गेली. आधी बोटभर, मग वीतभर. आता अख्खं माणूस मावेल एवढी जागा आहे आणि त्यातून वारा येतो. लोक म्हणतात, हलकं वाटत असेल ना? मला एका बाजूने थंडी वाजते.

काकांनी ते खोकं केलं तो दिवस मला परवा दिवसभर आठवत होता. तुझ्या बाबांसारखा सुतार मी दुसरा पाहिला नाही, आणि तसा तिरकस बोलणाराही नाही. मागची फळी भिंतीला टेकवून त्यांनी आपल्याला तिच्यापुढे खांद्याला खांदा लावून उभं केलं, हात डोक्यावर, हातात बाहुल्या नव्हत्याच म्हणून दोन चमचे दिले होते. कानावरची पेन्सिल काढून दोघींच्या खांद्यांभोवती एकेक रेघ ओढली आणि रेघांच्या बाहेरच्या कडांवर बाजूच्या फळ्या बसवल्या. मी म्हटलं, काका, थोडी जागा सोडा ना, श्वास तरी घेऊ द्या. ते म्हणाले, जागा जास्त ठेवली की माणसं लांब उभी राहतात. रेघ पुसूही दिली नाही त्यांनी. आणि बरोबरच होतं त्यांचं. आत अंधार, वर काळं कापड, तोंडं वाघ-पोपटाला दिलेली, मग एकमेकींशी बोलायचं कशाने? खांद्याने. एक हलका धक्का, म्हणजे तुझं वाक्य. कोपर, म्हणजे आत ये. दाबून धरलं, म्हणजे थांब, पोरं हसतायत, हसू दे. किती वर्षं आपण अशा बोललो! तुला ताप आहे हे मला तुझ्या दंडावरून कळायचं आणि माझं घरी भांडण झालंय हे तुला माझ्या श्वासावरून.

गेल्या महिन्यात एका शाळेत खेळ होता. मुद्दाम 'वाघोबाचं पोट दुखतं' लावला, पोपटाशिवाय, थोडा फिरवून. छान चालला होता. वाघ विव्हळला, पोरं खुसूखुसू हसायला लागली, आणि मी सवयीने उजवीकडे खांदा मारला. तुझं वाक्य होतं ना. खांद्याला कुणी लागलंच नाही. मी तशीच तिरपी होऊन फळीवर आदळले, खोकं डुगडुगलं, पोरं ओरडली भूकंप, भूकंप! वाघ काय बोलणार? म्हणाला, बघा, एवढं पोट दुखतंय. टाळ्या पडल्या. खेळ संपल्यावर मला खोक्यातून बाहेर यावंसं वाटेना. शाळेतल्या बाई किल्ल्या वाजवत उभ्या होत्या, त्यांना वाटलं मी सामान आवरते आहे. मी काही आवरत नव्हते गं. तुझ्या रेघेला पाठ लावून तुझ्या जागेत उभी होते.

आणि एक सांगते, हसू नकोस. डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर टीव्ही असतो. मी रक्त तपासल्याचा कागद घेऊन बसले होते, आणि टीव्हीवर कार्टूनमधली एक खार बोलायला लागली. पोपटाचाच आवाज, फक्त थोडा लाडिक केलेला. तू कधी सांगितलं नाहीस की खार झालीस. खारीने विचारलं, दुखतंय का रे फार? आणि मी, इतक्या लोकांत, वाघाच्या आवाजात म्हटलं, नाही, सवय झाली. शेजारचे आजोबा दचकले. मग त्यांनी माझ्याकडे जरा कणवेने बघितलं आणि आपली खुर्ची सरकवून घेतली. मला तुझी फार आठवण येते. हे मी फोनवर एकदाही म्हटलेलं नाही, तूही नाही. दोघी मस्त आहोत ना!

आता ती गोष्ट लिहिते जिच्याभोवती आपण इतकी वर्षं गोल फिरतोय. वाचनालयातला तो खेळ. मी तेव्हा बरीच फुगलेली, काकांची माझ्या बाजूची रेघ केव्हाच ओलांडून तुझ्या बाजूला गेलेली. श्वास घेतला तरी तुला धक्का लागत होता. आणि प्रत्येक धक्का म्हणजे तुझं वाक्य! वाघाचं पोट दुखायच्या आधीच पोपट औषध घेऊन हजर. वाघ म्हणतो, मी मजेत आहे, तेवढ्यात पोपट म्हणतो, आ करा. मी दम खायला थांबले तर पोपट बिल मागायला आला. पोरं हसून हसून लोळली, वाचनालयाच्या ताई म्हणाल्या एवढा रंगलेला खेळ बघितला नाही. तू पण हसलीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. परत येताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि तू माझ्याकडे बघत होतीस. पुढच्या खेळाला तू बाहेर स्टूल घेतलंस. आत उकडतं म्हणालीस, आवाज बाहेरून देते, दोन्ही हात तू चालव. त्याच्या पुढच्या खेळाला तुला ती नोकरी लागलेली होती, दूरच्या शहरात, आवाज देण्याची. तू म्हणालीस, चालून आली, सोडवत नाही. ज्या बाईला काचेमागच्या बंद खोलीत एकटीने बोलायचं म्हटलं की घुसमट व्हायची, तिला तीच नोकरी चालून आली आणि सोडवेना! मी वाघ आहे, गाढव नाही.

मी तुझ्यावर रागावले होते. लिहूनच टाकते. तू माझ्यासाठी खोकं सोडलंस, जागा करून दिलीस, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि तेच सोसवलं नाही. बसमध्ये म्हातारीला उठून जागा द्यावी तशी तू उठलीस. त्यापेक्षा तोंडावर म्हणाली असतीस, जाडे, सरक, तर मी तुझ्या गळ्यात पडले असते. पण तू तरी कशी म्हणणार? आणि मी तरी कशी म्हणणार होते, की चल, खोकं मोठं करून घेऊ? त्याच वर्षी काका गेले होते. प्रत्येक खेळाआधी तू त्या रेघेवर हात ठेवायचीस, मी बघायचे. तुझ्या बाबांच्या फळीला करवत लाव, असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? तू माझं अंग जपलंस, मी तुझे बाबा जपले. इतकं जपलं एकमेकींना की खोक्यात कुणीच उरलं नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद बघितला, खूश झाल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, एवढं लक्षात ठेवा, आजार झोपलाय, गेलेला नाही. उठू शकतो. उठला तर परत गोळी, आणि गोळी म्हणजे परत हे सगळं, भूक, सूज, वजन. घाबरवत नाही, म्हणाल्या, पण तयारी असू द्या. मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले त्या थेट तुला फोन करायचं ठरवून. म्हणणार होते, पोपटराव, धावत ये, मी आत्ता मावते आहे. घरी आले तर आई माझा निळा सदरा मांडीवर घेऊन बसलेली, जास्तीचं कापड आत दुमडून टाके घालत होती. असू दे, म्हणाली, लागलं तर सोडता येईल. या वेळी मी चिडले नाही. तिच्याजवळ बसले आणि मला माझीच लाज वाटली, की हे कसलं बोलावणं, बारीक आहे तोवर ये? उद्या मी परत फुगले की तू परत स्टूल घेणार?

म्हणून फोन केलाच नाही आणि काकांच्या दुकानात गेले. तिथे आता जो सुतार बसतो तो काकांच्याच हाताखाली शिकलेला आहे. त्याने येऊन खोकं मापलं. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, बाई, तुम्ही तर आता आत हरवाल, मोठं कशाला करताय? मी म्हटलं, तुम्ही माप घ्या. बाजूच्या फळ्या सरकवता येतील म्हणाला, पण मागची फळी मधोमध कापून त्यात नवी पट्टी बसवावी लागेल. मधोमध म्हणजे बरोबर आपल्या दोघींच्या रेघांच्या मधून, जिथे तुझा खांदा माझ्या खांद्याला लागतो तिथून. रेघा दोन्ही शाबूत राहतील, फक्त लांब जातील. काका म्हणायचे, जागा जास्त ठेवली की माणसं लांब उभी राहतात. असेल. पण जागा नसली की माणसं शहर सोडून जातात, हे त्यांना कुठे माहीत होतं? पट्टी बसली की मी सुजलेली असो की सुकलेली, तुझी जागा तुझीच राहील. मी बारीक असेन तेव्हा मधली फट आपण सरकून भरून काढू, त्याला काही सुताराची गरज नाही. त्याने पिशवीतून करवत काढलीसुद्धा होती. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. फळी तुझ्या बाबांची आहे, तुझ्या होकाराशिवाय तिला दात लागणार नाही. हे पत्र त्यासाठी आहे. नाही म्हणालीस तरी मी समजेन, खोकं आहे तसं राहील आणि मी अधूनमधून फळीवर आदळत राहीन. हो म्हणणार असलीस तर मात्र फोनवर म्हणू नकोस. फळी लांब आहे, कापताना दोन्हीकडून घट्ट धरावी लागेल, असं सुतार म्हणाला. डावं टोक मी धरते. उजवीकडचं माणूस बाहेरगावाहून यायचंय, तोवर थांबा, असं मी त्याला सांगून ठेवलंय.

तुझाच,
वाघोबा